बाबा ओरडू नका

“काका, नाव तेच ठेवायचं की बदलायचं?” मी शिडीवरूनच विचारलं.

“तेच. एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये,” दिनकरकाका शिडी धरून खाली उभे होते. “पासवर्डही तोच.”

“अहो, पण हे नाव...” मला हसू आवरेना. “‘बाबा ओरडू नका’?”

“हो. ‘बाबा ओरडू नका’.”

ते हसले नाहीत. मग मीही ओठ मिटून भिंतीत स्क्रू पिळायला लागले.

तेव्हा मी कऱ्हाडात मुल्लाणींच्या दुकानात कामाला होते. कॅमेरे बसवणं, इंटरनेटच्या तारा ओढणं, वाय-फाय लावून देणं, सगळं करायची. लोकांच्या वाय-फायची नावं मी ढिगानं बघितली होती. कुणी कुलदैवताचं नाव ठेवतं, कुणी ‘फुकट्यांनो दूर राहा’ असं बजावतं. एका घरात सासूचं नाव दिलेलं होतं आणि शेजारी सून हसत उभी होती. तरी बापाला उद्देशून ठेवलेलं आणि बापानंच जपलेलं नाव पहिल्यांदाच बघत होते.

दिनकरकाका कुंभोजकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. शहराबाहेरच्या वसाहतीत बैठा बंगला, पुढे लांबलचक अंगण, अंगणाच्या टोकाला लोखंडी फाटक आणि फाटकापलीकडे विजेचा खांब. पंधरवड्यापूर्वीच्या गडगडाटात त्यांचा जुना राउटर जळाला होता. कंपनीनं नवा दिला, पण काकांचं तेवढ्यानं भागेना. त्यांना बाहेरच्या भिंतीवर अॅक्सेस पॉइंट हवा होता. अॅक्सेस पॉइंट म्हणजे वाय-फाय लांबवर पोचवणारी ताटलीएवढी पांढरी डबी. ती मी व्हरांड्याच्या वळचणीला ठोकली आणि खाली उतरले.

“तोंड फाटकाकडेच केलंयस ना?” काकांनी मान वर करून विचारलं.

“केलंय. पण फाटकात बसून नेट बघणार कोण, काका? डास फोडून खातील.”

“फाटकात नाही. त्या खांबापर्यंत जायला पाहिजे.”

“खांबापाशी कुणाला लागतंय?”

“हर्षदला,” ते म्हणाले. “माझा मुलगा.”

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी मांडीवर लॅपटॉप उघडला. काका माझ्या शेजारी सरकले आणि स्वतःहून सांगायला लागले. हर्षद पुण्यात असतो. नोकरी सोडून मित्राबरोबर धंदा करतो म्हणाला तेव्हा काका त्याला नको नको ते बोलले. तो बॅग उचलून गेला. दोन वर्षं झाली, बापाशी बोलणं नाही. काकांना हार्ट अॅटॅक आला तरी बघायला आला नाही.

“पण येतो बरं का,” काका आवाज खाली आणून म्हणाले. “घरात येत नाही. माझ्यासारखाच हेकट आहे. खांबापाशी उभा राहतो नि परत जातो.”

“तुम्ही बघितलंत?”

“बघायला कशाला लागतंय? हे वाय-फाय त्यानंच लावून दिलेलं. त्याच्या फोनला ते पाठ आहे. टप्प्यात आला की फोन आपोआप जोडला जातो, आणि माझ्या मोबाईलवर त्याच्या फोनचं नाव दिसतं. संध्याकाळच्या सुमाराला दिसतं. थोडा वेळ राहतं, मग जातं.” त्यांनी गुडघ्यावर हात चोळला. “राउटर जळाल्यापासून सगळं बंद. मधल्या दिवसांत येऊन गेला असला तर कळायचं कसं? म्हणून म्हणतो, नाव नि पासवर्ड तेच पाहिजेत. बदललं तर त्याचा फोन आपल्याला ओळखायचा नाही.”

मला त्या कधी न पाहिलेल्या हर्षदचा असा राग आला! बाप मरता मरता वाचलेला, नि हा शहाणा खांबापाशी उभा राहून फुकटचं नेट वापरून जातो. समोर असता तर चार शब्द सुनावले असते.

“पासवर्ड सांगा,” मी म्हटलं.

“जेवायला ये. सगळं सलग.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“त्याची आई रोज त्याला अशीच हाक मारायची. दहा हाका मारल्याशिवाय हा खोलीतून बाहेर यायचा नाही. मी ओरडायचो. म्हणून मग नाव हे असं नि पासवर्ड तो तसा.”

मी दोन्ही रकाने भरले. त्या घरात तिघं एकमेकांशी जे काही बोलत होते, ते बहुधा त्या दोन रकान्यांत मावत होतं. मग सुरक्षेचा प्रकार निवडायचा होता. तिथं नवा, जास्त भक्कम प्रकार आधीच निवडलेला होता, तो मी तसाच ठेवला आणि जतन करून टाकलं. डबीवरचा दिवा निळा झाला.

“झालं का गं?” निर्मलाकाकू पदराला हात पुशीत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ठेंगणी, गोरी बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. आल्यापासून त्या तिसऱ्यांदा विचारत होत्या.

“झालंच, काकू. दिवा लागला बघा.”

“म्हणजे आता पहिल्यासारखं लागतंय सगळं?”

“लागतंय की.”

त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत परत दारात उभ्या. “नक्की लागलंय ना? नाही, मला आपलं वाटलं...”

“निर्मला, तिला काम करू दे,” काका म्हणाले.

“मी कुठे काय म्हणतेय? चहा टाकू का विचारायला आले.”

चहाचं विचारलं नव्हतंच त्यांनी. त्या गेल्या. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, भांडं आपटल्याचा आवाज आला. बाई भलतीच कावरीबावरी झाली होती आणि कशानं ते मला कळेना.

काकांनी आत वळून बघितलं. मग लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, “पोरी, ते सुरक्षेचं काय ठेवलंयस तू? नवं ठेवलंस का?”

“हो. नवंच चांगलं असतं.”

“हर्षदचा फोन जुना आहे. त्याला नव्याशी जुळवून घेता यायचं नाही. जुने-नवे दोन्ही चालतील असं कर.”

म्हातारा पक्का मुरलेला होता. मी मुकाट्यानं मागे जाऊन तो प्रकार बदलला, पुन्हा जतन केलं. डबी बंद होऊन चालू झाली. निळा दिवा लागला. मी जोडलेल्या फोनांचं पान उघडलं. काकांचा फोन. माझा फोन. नि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत खाली तिसरं नाव उमटलं, ‘हर्षदचा फोन’.

माझ्या अंगावर काटाच आला. आम्ही दोघांनीही फाटकाकडे बघितलं. खांबापाशी एक गाय उभी होती, बाकी चिटपाखरू नव्हतं.

मग माझं लक्ष नावापुढच्या पट्ट्यांकडे गेलं. फोन किती जवळ आहे, ते त्या पट्ट्यांवरून कळतं. जुन्या राउटरवर ही सोय नव्हती, नव्या डबीत होती. काकांचा फोन माझ्या शेजारी, बाकावर पडलेला. त्याच्यापुढे सगळे पट्टे भरलेले. हर्षदच्या फोनापुढेही सगळे पट्टे भरलेले. खांबापाशी असता तर जेमतेम एक भरला असता. हा फोन आमच्यापासून हाताच्या अंतरावर होता. आमच्या पाठीमागे स्वयंपाकघराची भिंत होती.

“काका,” मी बोलायला लागले, “हा फोन तर घरा...”

काकांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरानं, की माझी बांगडी रुतली. आणि मान मागे वळवून ते मोठ्यानं ओरडले, “निर्मलाऽ! अगं, आला बघ! आत्ता दिसला. खांबापाशी आलाय!”

मग काकू बाहेर आल्या. चेहरा असा उजळलेला, की बघवेना. “खरंच? दिसला? बघा, मी म्हटलं नव्हतं, येईल म्हणून?”

“म्हटलं होतंस खरं.”

“जा ना मग. फाटकापर्यंत जाऊन या.”

“जातो,” काका उठले, चप्पल घातली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू तोवर चहा घे.” आणि अंगणातून फाटकाकडे चालायला लागले. पाठीत जरासे वाकलेले, हात मागे बांधलेले.

मी लॅपटॉप मिटून काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तांदळाचा डबा उघडा होता. तांदळात अर्धा रुतलेला एक काळा फोन. त्याची काच एका कोपऱ्यातून पार तडकलेली होती.

काकूंनी घाईघाईनं झाकण उचललं, पण मी बघितल्याचं त्यांना दिसलं. झाकण हातातच राहिलं. त्या ओट्याला टेकल्या.

“तू त्यांना सांगितलं नाहीस ना?”

“नाही. पण काकू, हा त्याचा फोन इथे कसा? तो कुठे आहे?”

“हर्षद नाही गं,” त्या म्हणाल्या.

चहा उकळत होता. मी हात लांब करून गॅस बारीक केला.

“ह्यांना अॅटॅक आला तेव्हा मी त्याला फोन केला. ‘आत्ता निघतो’ म्हणाला. मोटरसायकल काढली नि निघाला. राग कसला नि काय, बापाचं नाव ऐकलं नि निघाला. घाटात ट्रकखाली...” त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. “हे आत नळ्या लावून पडलेले. डॉक्टर म्हणाले, धक्का बसला तर हे हाती लागणार नाहीत. मग दीरांनी सगळं केलं. अग्नीसुद्धा त्यांनीच दिला. मी इकडे दवाखान्यात ह्यांच्या उशाशी बसून सांगत होते, ‘त्याचा राग अजून गेला नाही, येत नाही म्हणतो.’ जिवंत राहावेत म्हणून मेलेल्या पोराला मी नावं ठेवत बसले.”

आमच्याकडची ही रीतच आहे. आजारी माणसाला मरणाची बातमी सांगायची नाही, जरा बरं वाटलं की सांगू म्हणायचं. आणि ते बरं वाटणं काही कधी पुरेसं बरं होत नाही. काकू आज सांगू, उद्या सांगू करत राहिल्या. नातेवाईक, शेजारी, सगळ्यांनी तोंडं शिवली.

“घरी आणलं तर हे जेवेनात, बोलेनात. तो आला नाही, एवढंच डोक्यात. फोन दीरांनी आणून दिला होता. एकदा मी त्यातले फोटो बघायला तो चार्ज करून चालू केला. मला काय ठाऊक, तो आपोआप वाय-फायला जोडला जातो म्हणून! हे बाहेरच्या खोलीतून ओरडत आले, ‘निर्मला, हर्षद आलाय, आसपास कुठेतरी आहे!’ त्या दिवशी हे पोटभर जेवले गं. दोन भाकरी खाल्ल्या.” त्यांनी फोनवरचे तांदूळ बोटानं बाजूला सारले. “तेव्हापासून रोज संध्याकाळी चालू करते. थोडा वेळ ठेवते नि बंद करते. तू ह्यांना बोलू नकोस. तुझ्या पाया पडते.”

“असं काय करता, काकू,” मी त्यांचे हात धरले. ते थंडगार होते. थोड्या वेळापूर्वी मी ज्याला मनातल्या मनात शिव्या हासडत होते, तो मुलगा बापासाठी निघून वाटेतच गेला होता. मला स्वतःची लाज वाटली. रडले मीच. त्या बाईनं उलट मला चहा गाळून दिला आणि पाठीवरून हात फिरवला.

चहा पिता पिता माझ्या डोक्यात ते पट्टे आले. काकांच्या मोबाईलवर नव्या डबीचं अॅप टाकायचं होतं, आणि त्यात पट्टे दिसणार होते. तीस वर्षं टेलिफोनच्या तारा हाताळलेल्या माणसाला त्यांचा अर्थ कळायला कितीसा वेळ लागणार? मी बाहेर येऊन त्यांच्या मोबाईलवर दुसरं, साधं अॅप टाकलं. त्यात जोडलेल्या फोनांची नुसती नावं दिसायची. काकूंसाठी माझ्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं.

मोबाईल घेऊन मी फाटकापाशी गेले. काका फाटकाच्या आत, पाठ घराकडे करून उभे होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. डोळे लालभडक होते.

“घ्या काका. आता इथपर्यंत व्यवस्थित येतंय.”

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. बघितलं, बोटानं वरखाली केलं.

“ते पट्टे कुठे गेले?”

“या अॅपमध्ये नसतात.”

“मुद्दाम टाकलंस हे?”

“हो,” मी खाली बघत म्हटलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “तिनं कधी डोकावून बघितलं असतं आणि कुणाला अर्थ विचारला असता, तर तिला कळलं असतं की मला कळलंय.”

मी मान वर केली. काका खांबाकडे बघत होते.

“काका, तुम्हाला...”

“ती देवळात गेली होती. मला खिचडी करावीशी वाटली, म्हणून तांदळाचा डबा उघडला. काच फुटलेली, खाचेत लाल माती सुकलेली. फोन खिशात असताना माणूस पडला तर तसा होतो. हातात धरून बसलो. मग होता तसा तांदळात ठेवला. नंतर भावाला एकटं गाठलं, तेव्हा तो बोलला.”

“मग काकूंना सांगा ना! दोघंही आतल्या आत का मरताय? एकमेकांपाशी रडाल तरी!”

“सांगणार होतो. त्याच संध्याकाळी सांगणार होतो,” ते म्हणाले. “पण ती वाती करत बसली होती. मध्येच उठून आत गेली, फोन चालू केला, नि बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी काय म्हणतो, ते बघत. पोरी, दिवसभरात तेवढ्याच वेळेला तिच्या जिवात जीव येतो. मला जगवते आहे, म्हणून ती जगते आहे. तिला सांगितलं तर ती उद्यापासून तो फोन कुणासाठी चार्ज करेल?”

मी फाटकाची कडी धरून उभी राहिले.

“म्हणून मी ओरडतो, ‘आला’. आणि इथे येतो. तिला वाटतं, त्याची वाट बघतोय. इथे पाठ फिरवून उभं राहिलं की घरातून तोंड दिसत नाही.” त्यांनी पुन्हा उपरणं डोळ्यांना लावलं. “घरात रडता येत नाही ना.”

हातातल्या मोबाईलवरून ‘हर्षदचा फोन’ हे नाव गेलं. काकूंनी आत फोन बंद केला असणार.

“गेला,” काका म्हणाले. “चल, आत जाऊ. ती जेवायला हाक मारेल.”

एकाचं गुपित दुसऱ्याला सांगायचं नाही, हे मी पाळलं. पुढची काही वर्षं कधी त्या रस्त्यानं गेले तर संध्याकाळी काका फाटकात उभे दिसायचे. मी गाडीवरून हात करायची, तेही करायचे. दोघांमध्ये तेवढंच.

मग मी स्वतःचं दुकान टाकलं. एके दिवशी काकूंचा फोन आला. “रेवती, डबीचा दिवा गेलाय गं. येतेस का?”

काका जाऊन महिना होत आला होता. मला उशिरा कळलं होतं. मी घरी गेले तेव्हा काकूंचं कपाळ मोकळं होतं आणि घर फार स्वच्छ आवरलेलं होतं. मी शिडी लावली, जुनी डबी उतरवली, नवी ठोकली. या वेळी काकूंनी शिडी धरली होती.

“नाव तेच ना, काकू?”

“तेच. पासवर्डही.”

मी रकाने भरले. सुरक्षेचा प्रकार जुन्या फोनांना चालेल असाच निवडला. काकू माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

“एक विचारू? खरं सांग,” त्या म्हणाल्या. “ह्यांना माहीत होतं ना?”

आता कुणापासून काय लपवायचं होतं?

“हो, काकू.”

त्यांनी मान हलवली. दचकल्या नाहीत, रडल्या नाहीत. “मला वाटायचंच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. पाठ वळवली म्हणून काय झालं, खांदे हलताना दिसायचेच की. कुणी आल्याच्या आनंदात माणूस रोज असं रडतं का?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“घरात तर ते कधी रडले नसते. मी फोन चालू केला की त्यांना फाटकाकडे जायला निमित्त मिळायचं. म्हटलं, रडून घेऊ देत.” त्यांनी पदर सारखा केला. “मीही तेवढ्यात आत रडून घ्यायची. ते परत यायच्या आत तोंड धुवायची.”

निळा दिवा लागला. काकू उठून आत गेल्या. मी पान उघडून बसले. माझा फोन उमटला. मग ‘हर्षदचा फोन’. आणि त्याच्याखाली आणखी एक नाव आलं, ‘दिनकर कुंभोजकर’.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “दिसतायत का गं दोघं?”

मी पट्टे बघितले. दोन्ही नावांपुढे सगळेच्या सगळे भरलेले होते.

“दिसतायत, काकू,” मी म्हटलं. “अगदी जवळ आहेत.”